खुलं पत्र : एक फरशी आणि आप्पांचे पाय

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

खातं मुद्दामच घातलेलं नाही. गटार एका खात्याचं, रस्ता दुसऱ्याचा, दवाखाना तिसऱ्याचा, असं मला प्रत्येक खिडकीवर सांगितलं गेलंय. तेव्हा हे पत्र आपल्यासाठी नाही असं ज्यांना वाटेल, त्यांनी ते आपल्यालाच आलंय असं धरावं.

मी बेळगावच्या शहापुरात राहते. गेल्या मंगळवारी दिवेलागणीला माझे वडील, वय ७६, गल्लीच्या तोंडाशी उघड्या गटारात पडले. उजवं मनगट मोडलं, डोकं कडेवर आपटलं. तिथली फरशी फुटलीय अशी लेखी तक्रार मी श्रावणात दिली होती. "पंधरा दिवसांत बसवतो, ताई," असं साहेब म्हणाले होते. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. परवा फोन केला तर तेच साहेब म्हणतात, "वय झालेली माणसं पडतातच की हो."

पडतात. आमचं पडणं जरा महागाचं आहे, म्हणून लिहिते.

आप्पा विणकर. शहापूरची लुगडी विणून त्यांनी आम्हा तिघांना शिकवलं. चार वर्षांपूर्वी त्यांची चाल बिघडली. पाय फाकवून, जमिनीला घासत, इवली इवली पावलं टाकायचे. उंबऱ्याशी आले की पाय चिकटायचे, जसं कुणी खाली डिंक ओतलाय. न्हाणीच्या दारात मागे वळायचं तर नऊ-दहा पावलं लागायची. मी मोजलीत, कारण मागे हात धरून मीच उभी असायची. गंमत अशी की मागावर बसवलं की तेच पाय खालच्या फळ्या झपाझप दाबायचे. धोटा इकडून तिकडे, पाय तालात. उठून उभे राहिले की परत खिळा.

एका डॉक्टरांनी गुडघे सांगितले. दुसऱ्यांनी कंपवात सांगून वर्षभर गोळ्या दिल्या. हात कापत नव्हता, गोळ्यांनी तसूभर फरक पडत नव्हता, पण गोळ्या चालू. मग लघवी आवरेना. मग विसर. धाकट्या भावाला ते थोरल्याच्या नावाने हाक मारू लागले. शेजारीपाजारी "म्हातारपण आलं" म्हणाले, आणि खरं सांगते, मीही म्हणाले. ती गोष्ट मला अजून टोचते.

हे म्हातारपण नव्हतं. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. मेंदूभोवती नि मेंदूच्या पोकळ्यांत दीडशे मिलीच्या आसपास पाणी असतं, रोज अर्धा लिटर नवं तयार होतं आणि जिरतं. ते जिरणं बिघडलं की पोकळ्या फुगतात, दाब मोजला तर मात्र फारसा वाढलेला सापडत नाही. चाल, लघवी, विसर. त्यात बहुधा चाल आधी जाते आणि उपचारानंतर आधी तीच परत येते. कोलंबियातल्या हाकिम नावाच्या डॉक्टरांनी हे १९६५ साली जगापुढे मांडलं. आमच्यापर्यंत यायला त्याला साठ वर्षं लागली. आमच्या गल्लीतल्या कामांच्या मानाने हा वेग वाईट नाही.

तपासणी कशी केली ते ऐका. दहा मीटर चालायला लावलं, ३४ सेकंद लागले. कमरेत सुई घालून ४० मिली पाणी काढलं आणि काही तासांनी परत चालवलं, १९ सेकंद. सिस्टर मोबाइलवर वेळ लावून बसली होती. तिनेच आधी टाळी वाजवली. स्कॅन आणि सुई मोठ्या दवाखान्यात, कबूल. पण म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवून, चार पावलं चालवून, वळून परत बसवायला काय लागतं हो? खुर्ची आणि घड्याळ. तालुक्याच्या दवाखान्यात दोन्ही असतात, खुर्चीवर साहेब बसलेले असतात एवढंच.

मग ऑपरेशन. डोक्यातून कानामागून गळ्याखालून पोटापर्यंत कातडीखाली नळी, मध्ये व्हॉल्व्ह. साडेतीन लाखांच्या आसपास गेले, पक्का आकडा फाइलीत आहे. आईच्या पाटल्या गेल्या. बेळगाव, कारवार, बिदरकडच्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू केल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, पेपरात मोठ्ठं आलं, इकडून त्यावर गदारोळ झाला. मी कागद गोळा करत होते तेव्हा एका खिडकीवर म्हणाले तिकडे जा, दुसऱ्या खिडकीवर म्हणाले तिकडचे आहात. शेवटी सोनार कामाला आला. त्याने राज्य विचारलं नाही.

असो. आप्पा चालू लागले. तीन महिन्यांत काठी टेकत कपिलेश्वरापर्यंत. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाल सुधारली तरी तोल कच्चा राहतो, पडू देऊ नका, आता डोक्याला मार परवडायचा नाही. घरातल्या सतरंज्या काढल्या, न्हाणीत गज बसवला, रात्रभर दिवा ठेवला. घर आमच्या हातात होतं.

गल्ली नव्हती. आमच्या दारापासून नाक्यापर्यंत १७ फरश्या नाहीत. पुतण्याने मोजल्या तर २१ भरल्या. आपण २१ धरा, तोवर होतीलच. फुटपाथ इतका उंच की धडधाकट बाईला पदर खोचून चढावं लागतं. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. केंद्राचे पाचशे कोटी, राज्याचे तेवढेच, अशी म्हणे आखणी. हजार कोटींत दीड फुटाची फरशी बसत नसेल तर मी भिशीतून देते, पावती तेवढी द्या. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात आलं की मोठ्या रस्त्यांवर रातोरात डांबर पडतं. एकदा अधिवेशन आमच्या गल्लीत घ्या.

आणि तक्रारीचा अर्ज? नुसता कन्नडमध्ये. भाषिक अल्पसंख्य पंधरा-वीस टक्के असतील तिथे त्यांच्या भाषेत सूचना द्याव्यात, हे केंद्राने १९५६ सालीच लिहून ठेवलंय. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात. मी काही मोर्चाला जाणारी बाई नाही. आप्पा पडले तेव्हा पहिले धावले ते समोरचे कन्नडभाषी काका, "अज्जा, निधान, निधान" (आजोबा, सावकाश, सावकाश) म्हणत त्यांनीच डोकं मांडीवर घेतलं. त्यांची म्हातारीही त्याच गटारावरून जाते. भांडण तुमचं आहे, दोन्हीकडच्या खुर्च्यांचं. आमच्याकडे फक्त त्याची बिलं येतात.

आता महागाचं का म्हटलं ते सांगते. स्कॅनमध्ये मेंदूच्या वर रक्ताचा पातळ थर दिसला. नळीतून पाणी जास्त ओढलं गेलं तर तो वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी बाहेरून चुंबकाचं यंत्र लावून व्हॉल्व्हचा दाब वाढवला. म्हणजे पाणी कमी वाहणार. म्हणजे मंत्रिमहोदय, पाटल्या विकून सोडवलेले पाय परत चिकटले. काल रात्री न्हाणीच्या दारात आप्पांनी वळायला अकरा पावलं घेतली. रक्त जिरल्यावर दाब हळूहळू पूर्ववत करू म्हणालेत. किती आठवडे, ते डॉक्टर सांगत नाहीत, पण निदान ते पंधरा दिवस म्हणत नाहीत.

मागणं थोडंच आहे, वर येऊन गेलंय. फरश्या. साठीपुढच्या माणसाला दवाखान्यात एकदा चालवून बघणं. मराठीत अर्ज.

तोवर त्या गटारावर आम्ही आप्पांच्या मागाची एक फळी टाकलीय, पायाखालची, चाळीस वर्षं दाबून मध्ये गुळगुळीत झालेली. लोक तिच्यावरून जातात, परवा स्कूटरही गेली. आप्पांना मंगळवारचं काही आठवत नाही, पण मागाची फळी गेलीय हे बरोबर दिसतं. रोज सकाळी विचारतात, ती परत कधी आणणार?

काय सांगू, तेवढं कळवा.

आपली,
शहापूरची एक विणकराची मुलगी