मधल्या खोलीतली ट्यूब

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

फोनवर सांगायला दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा भाजीपाल्यावर बोलून ठेवून दिला, म्हणून लिहितेय. मी हिंजवडीची नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झालाय, हा शुक्रवार शेवटचा. 1 तारखेपासून एरंडवण्यात एका छोट्या कंपनीत रुजू होतेय. पगार थोडा कमी आहे. पण घराचा हप्ता आणि तुमचा विमा, दोन्हीचा हिशोब मांडून पाहिलाय, कशालाही धक्का लागत नाही.

कारण डोळे. आई, लगेच घाबरू नकोस. दोन डॉक्टरांना दाखवलं, बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासला, प्रेशर पाहिलं, चष्म्याचा नंबरही तोच आहे. थोडा कोरडेपणा निघाला, त्याचे थेंब घालतेय.

पाडव्याला मी पित्त झालंय म्हणाले, ते खरं नव्हतं. तू सुंठेचा लेप लावलास, दार लोटून घेतलंस, दादाच्या पोरांना गप्प केलंस, आणि मी अंधारात पडून होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

जानेवारीत ऑफिसने नवे लॅपटॉप दिले. आठवड्याभरात डोळ्यांच्या मागे ठणका लागला. संध्याकाळी रिक्षातून दुकानांच्या पाट्या वाचवेनात. पण रविवारी घरच्या जुन्या मॉनिटरवर तितकेच तास बसले तरी काही नाही. निळा उजेड गाळणारा चष्मा घेतला, नाइट मोड लावला, फरक शून्य. तू फोनवर म्हणायचीस, उजेड कमी करून बस. मी करायचे, आणि दुखणं वाढायचं. तुझं चुकलं नव्हतं गं, ते मशीनच तसं होतं.

एका रात्री मोबाइलचा कॅमेरा त्या स्क्रीनसमोर धरला. कॅमेऱ्यात काळे पट्टे सावकाश वर सरकत होते. उजेड पूर्ण केला, पट्टे गेले. कमी केला, परत आले. बाबा, तुमच्या जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये करंट कमी व्हायचा, तसं इथे होत नाही. मागचा दिवा झपाझप चालू-बंद होतो, आणि बंदचा वेळ वाढवला की आपल्याला तो मंद दिसतो. शिवाय ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा लॅपटॉपमधला भाग. ज्या पडद्याला एकेका रंगाच्या 64 छटाच येतात, त्यावर 256 दाखवायच्या तर शेजारच्या दोन छटा एकाच ठिपक्यावर आलटून पालटून मारतात. डोळा त्यातून मधली छटा धरतो. डिदरिंग म्हणतात त्याला. कधी पडदाच ते करतो, कधी कार्ड. चित्र स्थिर वाटतं, आतून थरथरत असतं. सगळ्यांना याचा त्रास होत नाही. माझ्या शेजारच्या मुलीला काहीही झालं नाही, म्हणून तर माझं कोणाला पटेना. मी जुना मॉनिटर मागितला, सेटिंग बदलू द्या म्हटलं. नियमात बसत नाही, एवढंच उत्तर मिळालं. पाच महिने वाट पाहिली. एका यंत्रापायी नोकरी सोडली असं समजू नका, खरंच सगळं करून पाहिलं. नव्या ठिकाणी तर आधी दोन दिवस त्यांच्या मशीनवर बसून पाहिलं, मगच हो म्हटलं.

बाबा, मी दहावीला होते तेव्हा मधल्या खोलीतल्या ट्यूबखाली बसलं की माझं डोकं दुखायचं. अभ्यास टाळते म्हणून काका रागवले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. खाली बसून माझ्या जागेवरून बराच वेळ वर बघत राहिलात, मग आईच्या मशीनजवळचं स्टूल ओढलंत आणि ट्यूबच काढलीत. म्हणालात, 50 हर्ट्झची वीज आहे, चोकवर ती सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, पोरीला ते जाणवतंय. त्या संध्याकाळी पिवळा बल्ब लागला. या पाच महिन्यांत मला रोज तुमची आठवण यायची.

आता माझं छान चाललंय. जेवणाला मावशी येतात, दोन्ही वेळचं गरम असतं. तू दिलेल्या भडंगाचा डबा अजून अर्धा आहे. नवं ऑफिस घरापासून 15 मिनिटांवर, त्यामुळे सकाळी वेताळ टेकडीवर जाता येईल. वर गेल्यावर लांब सिंहगडाकडे बघत बसलं की डोळे सैल पडतात. स्क्रीनसमोर दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघते, पापण्या मुद्दाम मिटते. एरवी मिनिटाला 15 वेळा मिटणारी पापणी तिथे निम्म्याहून कमी वेळा मिटते म्हणे, कोरडेपणा त्यानेच.

आता तुमचं. बाबा, रात्री दिवा घालवून मोबाइलवर पेपर वाचणं बंद. खोलीतला दिवा लावा, अक्षरं मोठी करा, फोन हातभर लांब धरा. शुगर आहे, तेव्हा डोळ्याच्या पडद्याची तपासणी दरवर्षी झालीच पाहिजे. गेल्या वर्षीची राहिलीय, मला माहितीय. आई, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकू दे म्हणून थांबू नकोस. पिकायची वाट बघायचे दिवस गेले, डॉक्टरांनी तारीख दिलीय ती घे. तुझ्यावर जबरदस्ती नाही, पण तूच सांगत होतीस ना, सुईत दोरा जाईना म्हणून.

मला मधे आठ दिवस मोकळे आहेत. शनिवारी सकाळी स्वारगेटहून निघते, दुपारपर्यंत सांगलीत. तारीख त्यातलीच ठेवा, थेंब मी घालीन, स्वयंपाकही बघेन.

दादा म्हणाला, जिन्यातली ट्यूब फडफडतेय. तपकीर गल्लीतून नवी एलईडी घेतलीय. दुकानातच लावायला सांगून कॅमेरा धरून पाहिला, एकही पट्टा नाही. बाबा, मी येईपर्यंत स्टुलावर चढायचं नाही. तुम्ही खाली उभं राहून फक्त स्टूल धरा, मी लावते.

तुमची,
मनू