जालन्याच्या टर्नर (लेथ कारागीर) मामांना आभाराचं पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

जुनी लेन्स सोनी कॅमेऱ्यावर बसवायची जी रिंग तुम्ही दुरुस्त केलीत, तिच्यात माझी जुनी लायका एल्मार ५० एमएम लेन्स आता शेवटच्या आट्यापर्यंत दोन बोटांनी फिरत जाते. तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत आणि तुमचं काम इतर लेन्सवाल्यांनाही कळायला हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

विकतची रिंग दोन-तीन आट्यांनंतर अडकायची. सगळे म्हणत होते, तेल घाला. तुम्ही पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायचं साधन) लावला आणि दोष लगेच पकडला: रिंगचे आटे १ मिमी पिचचे, लेन्सचे इंचाला २६, म्हणजे ०.९७७ मिमी. फरक केसाएवढा, पण तो दर आट्याला साचत जातो. जोर लावला असता तर लेन्सचेच आटे गेले असते, आणि ते परत मिळत नाहीत.

खराब आटे बोर करून तुम्ही पितळी बुश (आत बसणारी कडी) ठोकला. तुमच्या इंची लीडस्क्रूच्या (टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर २६ आटे काढायला ६५ दात्यांचा गिअर हवा होता. तो तुम्ही शोधून आणलात. आटे कापायचं टूल ६० नाही, ५५ अंशांना घासलंत, कारण हे आटे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे.

खरी कसोटी जाडीची होती. लेन्सला फिल्मपासून २८.८ मिमी अंतर हवं, माझ्या सोनी ई-माउंट बॉडीत सेन्सरपासून १८ मिमी असतं, म्हणून रिंग १०.८ची. बुश बसल्यावर ती १०.९ भरली. एवढ्याशा ०.१नं काय होतं? ५० एमएमचा फोकस साधारण २५ मीटरपलीकडे जातच नाही. तुम्ही फेसिंग करून (लेथवर तोंड सपाट कापून) तेवढंच उतरवलंत आणि चार ठिकाणी मायक्रोमीटर लावून पाहिलंत. तोंड तिरपं राहिलं असतं तर फोटोची एक बाजू कायम धूसर आली असती.

बर (कापल्यावर कडेला राहणारे धारदार कण) काढून रिंग पेट्रोलनं धुतलीत, हेही विसरणार नाही. पितळेचा एक कीस सेन्सरवर पडला तरी नुकसान मोठं. आतल्या भिंतीला बारीक खाचा आणि मॅट काळा रंग दिल्यानं आत उजेड चमकत नाही आणि आपल्याकडच्या उन्हातही फोटो फिका पडत नाही.

चाचणी देवगिरीच्या चांद मिनारावर घेतली, दोनेक किलोमीटरवरून, सकाळी सातच्या आत, कारण नंतर हवा थरथरायला लागते. कॅमेरा अशी जुनी लेन्स ओळखत नाही, म्हणून मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' चालू केलं, स्क्रीनवर चित्र मोठं केलं. लेन्सची इन्फिनिटीची (सर्वांत दूरच्या फोकसची) कळ टक् करून बसली आणि नेमका त्याच जागी मिनार लख्ख झाला. एल्मारची नळी मात्र डिजिटल बॉडीवर आत ढकलायची नाही, हे तुम्ही बजावलं होतं. ते पाळतो आहे.

सोबत त्या फोटोची प्रिंट पाठवतो. मिनाराच्या वरच्या सज्जाची कड पाहा, मामा. ती तुमच्या ०.१ची आहे.

आपला कृतज्ञ,
एक लेन्सवाला, छत्रपती संभाजीनगर