आईच्या बोटांवरचा हिशेब

मा. संपादक,
स. न.

मुलांचे मानसिक आजार म्हणजे घरी कमी पडलेले संस्कार, असा सूर असलेला लेख आपल्या पुरवणीत वाचला. राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा भाऊ बावीस वर्षांचा असताना त्याला रिकाम्या खोलीत आवाज ऐकू येऊ लागले. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी आईला विचारलं, "लहानपणी याला फार दाबून ठेवलं होतं का तुम्ही?" प्रश्न तेवढाच. पण पुढे कितीतरी रात्री मी आईला अंधारात बोटांवर मोजत बसलेली पाहिली. एक, वही फाडली म्हणून मारलं होतं. दोन, दहा मिनिटं खोलीत कोंडलं होतं. तीन, तू झाल्यावर त्याला कुशीत घ्यायचं सुटलं. "यातलं कशानं झालं असेल गं?" ती गेली तोवर हा हिशेब मिटला नव्हता.

त्या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञांनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली आणि ती पुढे बरीच वर्षं आयांच्या मानगुटीवर बसली. १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या अशा ४७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या आयांना हा आजार होता, पण जन्मानंतर लगेच ज्यांना आईपासून वेगळं करून दुसरीकडे वाढवलं होतं. त्यातल्या ५ जणांना आजार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या, आईला हा आजार नसलेल्या ५० जणांपैकी एकालाही नाही. म्हणजे जे आलं ते आईच्या वागण्यातून आलं नव्हतं, कारण ती जवळ नव्हतीच.

पण उरलेले ४२ जण? त्यांना तो आजार झाला नाही. 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांनी हा आकडाही वाचावा. आमच्या नात्यात ते म्हणणारे पुष्कळ होते. माझी मोठी मुलगी चार महिन्यांची असताना कोणी खोकलं तरी दचकून, हातपाय ताणून रडायची. धाकटा दार आपटलं तरी झोपलेला. एकच घर, एकच मांडी. मोठी जरा चालू-बोलू लागली, अनोळखी माणूस दिसला की माझ्या मागे लपू लागली, तेव्हा आवाज खाली आणून मला सांगण्यात आलं, "मामावर गेलीय हो." लोकांमध्ये हा आजार साधारण शंभरात एकाला होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहांना, मामाला असेल तर तीन-चार जणांना. जनुकं हुबेहूब सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. हे आकडे मला कोणी वेळेवर सांगितले असते तर तिच्या प्रत्येक रडण्यात मी भाऊ शोधला नसता.

आणि बुजरेपणा हा आजार नव्हेच, तो पिंड आहे. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांची बाळं पाहिली, तेव्हा साधारण पाचातलं एक नवीन वस्तू, नवीन आवाज समोर आला की असंच हातपाय झाडून रडत होतं. मोठेपणी त्यातली सगळी काही भित्री राहिली नाहीत. मी मुलीला ढकललं नाही आणि पदराखाली झाकूनही ठेवलं नाही. नव्या ठिकाणी आम्ही अर्धा तास आधी जायचो. खोली रिकामी असताना ती कोपरा निवडायची, मग माणसं आली तरी चालायचं.

घराचा काहीच परिणाम नाही, असं मी म्हणत नाही. मारहाण, आबाळ, सतत पाणउतारा यांनी मुलाचं मन खचतं आणि धोका वाढतो. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी दत्तक मुलांवर दीर्घकाळ अभ्यास केला. जन्मदात्या आईला आजार असलेली मुलं कलहाच्या घरात वाढली तर आजाराचं प्रमाण जास्त आढळलं, निवांत घरात कमी. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांच्या अभ्यासात दिसलं की इस्पितळातून घरी आलेल्या रुग्णावर घरचे सारखी टीका करत असतील तर आजार लवकर उलटतो.

हे आम्ही घरात अनुभवलं. वडील रोज सकाळी त्याच्या दारात उभे राहून म्हणायचे, "लोळतोस किती? लाज नाही?" ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. पुढे एका समुपदेशक बाईंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली: तो कसा आहे ते बोलू नका, काय करायचं तेवढंच बोला. सत्तरी ओलांडलेला माणूस शिकला. "खिडकी उघडतो, चालेल?" एवढंच म्हणायचे आणि थांबायचे. कधी भाऊ "हं" म्हणायचा, कधी नाही. औषधं चालूच होती, त्यांना पर्याय नव्हता. पण त्यानंतर चार वर्षं त्याला दाखल करावं लागलं नाही, आधी दर वर्षी लागायचं.

माझी विनंती अशी की पालकत्वावर लिहून घेताना, घराचा परिणाम होणं वेगळं आणि घरामुळेच आजार होणं वेगळं, हा फरक लेखकांना सांभाळायला सांगावा. आणि डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास जरूर विचारावा, पण तो कशासाठी विचारतो आहोत हे त्याच वेळी समोर बसलेल्या आईला सांगावं.

आपली,
एक बहीण आणि आई
(नाव कळवले आहे, कृपया छापू नये.)