माजघरातलं एक मिनिट

लॉस एंजेलिस, आषाढ

तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार.

तिकडे पाऊस लागून राहिला असेल. इथे ढगाचं नाव नाही. सकाळी साडेआठला मी कामाला निघते तेव्हा गुहागरात रात्रीचे नऊ झालेले असतात, तुमचा रेडिओ उशाशी आलेला असतो. मीही तेव्हाच गाडीतला रेडिओ लावते. आपण दोघं एकाच वेळी काहीतरी ऐकतोय, एवढ्यानेही बरं वाटतं.

माझं स्टेशन केसीआरडब्ल्यू, 89.9. सांता मोनिका कॉलेजचं आहे. निवेदक स्वतःच्या कानाला पटलेली गाणी लावतात. आफ्रिकेतल्या माली देशाच्या एखाद्या गवयामागे जुना जाझ, त्यामागे कालपरवाचा बँड. त्यांच्यातले काहीजण सिनेमांसाठी गाणी निवडायचंही काम करतात. म्हणून की काय, एखादं गाणं संपता संपता मला रिकामा रस्ता दिसायला लागतो, कुणीतरी पाठमोरं चालत असतं.

स्टेशनचा बराच खर्च श्रोतेच उचलतात. मी पहिल्यांदा पैसे पाठवले तेव्हा आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक आठवलं, पोस्टात जाऊन शिक्का मारून आणायचे ते. 2025 च्या जुलैत इथल्या संसदेने सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीचे 110 कोटी डॉलर काढून घेतले. लहान गावांतल्या स्टेशनांना त्याचा फटका जास्त. मला ते फार लागलं. उद्या आपलं रत्नागिरी केंद्र मुकं झालं तर कसं होईल, तसं.

बाबा, सिनेमाचं वेड मला तुमच्या रेडिओनेच लावलं. नभोनाट्यात दार करकरलं की मी पाय पोटाशी घ्यायचे. ते दार मला दिसायचं, त्याची कडीसुद्धा. थिएटर पुढे कितीतरी वर्षांनी पाहिलं.

आता संध्याकाळच्या वर्गात तेच शिकतेय. सिनेमात ऐकू येणारी पावलं, कपड्यांची सळसळ, पेल्याचा टणत्कार, यातलं पुष्कळसं नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत बघत हाताने केलेलं असतं. युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचे गृहस्थ हे काम करायचे, म्हणून त्याला फोलीच म्हणतात. बर्फावरच्या पावलांसाठी कातडी पिशवीत कॉर्नफ्लॉर भरून दाबतात. हाड मोडायचं असेल तर सेलरी नावाच्या कुरकुरीत देठांच्या भाजीची जुडी पिळतात. आणि घोड्याच्या टापांसाठी बाईंनी पिशवीतून काय काढलं असेल? नारळाच्या दोन करवंट्या! माझे डोळेच भरून आले. आई त्या बंबात घालते. मी उठून सांगितलं, शेंड्या ठेवल्या तर आवाज बसका येतो, खरवडून गुळगुळीत केल्या तर टणक. बाईंनी माझ्याच हातात दिल्या. वाळूच्या ट्रेवर मी घोडा चालवला, मग दौडवला.

आता कामाचं. आम्ही चौघं मिळून अकरा मिनिटांची फिल्म करतोय, कोकणातल्या एका आजीची. तिचं माजघर एका गॅरेजात उभं केलं. शेणाचा रंग जमला, कोनाडाही जमला. पण आजी बोलायची थांबली की ते गॅरेज होऊन जातं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती चित्रीकरणाच्या वेळी वेगळी मुद्रित करून ठेवतात आणि संवादांच्या फटींत भरतात. इथे ती कुठून आणू?

तर दादाला सांगा, पाऊस उघडला की पहाटे माजघरात फोन ठेवायचा. फळीवर नको, ती थरथरते. घोंगडीची घडी करून तिच्यावर. पंखा, फ्रिज बंद. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. पुरतं एक मिनिट. पाल चुकचुकली तर चालेल. पागोळ्या गळत असल्या तर उत्तमच.

मग दुसरं, ओटीवरून समुद्राची गाज. आषाढातलीच हवी, तो खर्ज पुढे उतरतो. त्यासाठी सुरूच्या बनापर्यंत कुणी जाऊ नका, ओटीवर पुरेशी येते. फोनवर पातळ फडकं टाकायला सांगा, वारा फरफरतो.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, रेकॉर्डिंग चालू असताना देवघरात घंटा वाजली तरी पुसणार नाही, ठेवीन.

तुमची लेक