स्पॅम वेगळं आणि फसवणूक वेगळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्पॅम म्हणजे "स्टुपिड पॉइंटलेस अ‍ॅनॉयिंग मेसेजेस" याचा शॉर्टफॉर्म अशी पोस्ट व्हॉट्सअपवर कायम फिरत असते, आता मुलांच्या कॉम्प्युटर क्लासच्या नोट्समधे पण तेच दिसलं म्हणून हे पत्र लिहितोय. हा शॉर्टफॉर्म नंतर कुणीतरी जुळवून बसवलाय, शब्द आला तो खाण्याच्या डब्यावरून.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन गावच्या हॉर्मेल कंपनीने १९३७ मधे डुकराचं शिजवलेलं मांस टिनमधे भरून विकायला काढलं, त्याचं नाव स्पॅम. नाव सुचवणाऱ्याला १०० डॉलर बक्षीस मिळालं होतं आणि स्पाइस्ड हॅम यावरून ते केलं असं बहुतेक लोक मानतात. मग दुसरं महायुद्ध आलं, डबा फ्रीजशिवाय टिकतो म्हणून सैन्याला तोच, ब्रिटनला तोच, रशियाला पण तोच. ब्रिटनमधे तर मांसाचं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं, त्यामुळे तिथल्या एका अख्ख्या पिढीला हा डबा नको नको झाला होता.

हे माहीत असलं की पुढची गोष्ट कळते. १९७० मधे बीबीसीवर मॉन्टी पायथन या विनोदी नटमंडळींनी एक स्किट केलं. नवरा बायको एका साध्या हॉटेलात येतात, वेट्रेस मेनू सांगते, अंडं आणि स्पॅम, अंडं बेकन आणि स्पॅम, स्पॅम स्पॅम बेकन आणि स्पॅम, बाई म्हणते मला स्पॅम नकोय तरी जवळपास प्रत्येक डिशमधे ते आहेच आणि शेजारच्या टेबलावर बसलेले व्हायकिंग (जुन्या काळचे समुद्री लुटारू) "स्पॅम स्पॅम स्पॅम" असं इतक्या जोरात गायला लागतात की कुणाचं बोलणंच ऐकू येत नाही. शब्दाचा सगळा अर्थ इथे आहे. न मागितलेली गोष्ट परत परत, आणि तिच्या गोंगाटात बाकीच्यांचं बोलणं बुडणं.

कॉम्प्युटरवाल्या पोरांनी हेच उचललं. ऐंशीच्या दशकात ऑनलाइन गेम्समधे आणि चॅटमधे कुणी तेच तेच टाइप करून दुसऱ्याची स्क्रीन भरून टाकली की त्याला स्पॅमिंग म्हणायचे. १२ एप्रिल १९९४ ला अ‍ॅरिझोनातल्या कॅंटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात युझनेट या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चेच्या जागेवरच्या हजारो ग्रुप्समधे टाकली, ती पण प्रत्येक ग्रुपवर स्वतंत्र पोस्ट करून, त्यामुळे माणूस ज्या ग्रुपमधे जाईल तिथे तीच जाहिरात नव्याने समोर. लोक भयंकर चिडले आणि शब्द सगळीकडे पसरला. तशी ढीगभर लोकांना एकदम पाठवलेली जाहिरातीची पहिली ईमेल त्याच्याही आधीची, ३ मे १९७८ ची, डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, जवळपास ४०० जणांना पाठवलेली, पण तेव्हा तिला स्पॅम म्हणत नव्हते.

एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे आता सगळ्यालाच स्पॅम म्हणतात. कर्जाची जाहिरात स्पॅम, साड्यांचा सेल स्पॅम आणि बँक खातं रिकामं करणारी लिंक पण स्पॅमच. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना "बिल भरलं नाही, आज रात्री ९.३० ला वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला, त्यांनी फोन केला, समोरच्याने एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि खात्यातून पैसे गेले. काका सगळ्यांना सांगत होते की स्पॅम मेसेज आला होता, डिलीट केला. पुरावाच डिलीट केला ना! तो मेसेज ठेवायला हवा होता आणि ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायला हवा होता, कारण पैसे पुढच्या खात्यांमधून निघायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात. नको असलेल्या जाहिरातींचा नंबर वेगळा, १९०९, तिथे डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद) लावता येतं आणि तक्रारही करता येते. स्पॅमने डोकं उठतं, फसवणुकीत माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते, दोन्हीला एकच शब्द वापरला की लोक फसवणुकीचा मेसेजही स्पॅमसारखाच पुसून टाकतात.

म्हणून आपल्याला मनापासून विनंती आहे की बातमीत कुणाचे पैसे गेले असतील तर हेडिंगमधे "स्पॅम मेसेजमुळे" असं लिहू नका, सरळ फसवणूक लिहा, आणि अशा प्रत्येक बातमीखाली १९३० हा नंबर ठळक छापा.

आपला नियमित वाचक,
सांगली