अर्जात एक रकाना हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. निकालांचे दिवस आले की दोन-अडीच महिने गावभरच्या मुलांच्या गुणपत्रिका माझ्या हातून जातात. गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, गुणपत्रिका काउंटरवर पालथी ठेवली आणि हळूच म्हणाला, "काकू, यातला डी जरा पुसट येईल अशी काढता येईल का?" डी म्हणजे जेमतेम पासाची ग्रेड. मागे रांग होती म्हणून हसू आवरलं. डी पुसट केला तर त्याच्याबरोबर तुझं नावही पुसट होईल, म्हटलं. शिवाय आता गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असते, क्रेडिटसुद्धा 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये ऑनलाइन जमा होतात. माझ्या झेरॉक्सला विचारतो कोण?

तो गेला, पण माझं मन कामात लागेना. आमच्या घरातही असाच एक डी आहे.

२२ जुलै २०२१ चा पूर इथे कुणाला सांगायला नको. वाशिष्ठी आणि शिवनदी पहाटे पेठेत शिरल्या. आम्ही माळ्यावर चढलो तेव्हा खाली मशीन, कॉम्प्युटर, कागदाची रिमं सगळं पाण्यात होतं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ पासूनच्या ग्रंथालयाची पुस्तकं भिजली, तिथे आमच्या घरातल्या वह्यांची काय कथा! मुलगी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढचे दोन महिने तिच्या हातात पेनापेक्षा खराटा जास्त होता. तिचा मोबाइल चिखलात गेलेला. भावाच्या जुन्या मोबाइलवर तिने तिसऱ्या सेमिस्टरची ऑनलाइन परीक्षा दिली आणि गणिताच्या पेपरात तो अर्ध्यावर हँग झाला. लागला डी. लोकांना आठवत असेल, ऑनलाइन परीक्षेच्या त्या दिवसांत कुणालाही विचारा, नव्वदच्या खाली कोणी नव्हतं. त्यामुळे तिचा डी आणखीच उठून दिसला. पूर माहीत नसलेल्या माणसाला वाटणार, सोप्या परीक्षेतही हिला जमलं नाही.

या डीची खरी किंमत किती, ते मी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मांडून पाहिलं. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची. हा पेपर दोन क्रेडिटचा. एरवी तिला ए मिळायचा, म्हणजे ८ पॉइंट. डी म्हणजे ४. फरक ४, गुणिले २, म्हणजे ८. त्याला १२० ने भागा. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, ०.०७ नेसुद्धा घसरत नाही. एवढ्यासाठी मुलं रात्र-रात्र झोपत नाहीत आणि आईबाप देव पाण्यात घालून बसतात. पण गुणवत्ता यादी दशांशावर लागते, हेही खरं. २०२३ मध्ये एका सार्वजनिक विद्यापीठाच्या एमएस्सीच्या यादीत ती पाव टक्क्याहून कमी फरकाने राहिली. कागदपत्रं दाखवायला गेलो होतो तेव्हा तिथल्या माणसाचं बोट गुणपत्रिकेवरून सरळ खाली आलं आणि डीवर थांबलं. "हे काय झालं?" त्याने विचारलं. मुलीने तोंड उघडायच्या आत त्याने पुढच्याला हाक मारली. माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोरच्या फॉर्ममध्ये उत्तर लिहायला जागाच नव्हती.

माझी तक्रार आहे ती एवढीच.

अर्जात काय नसतं? जात, उत्पन्न, डोमिसाइल, खेळाडू, माजी सैनिकाचा पाल्य. सरकारी नोकरीच्या अर्जात भूकंपग्रस्ताचा आणि प्रकल्पग्रस्ताचाही रकाना असतो. मी पूरग्रस्तांसाठी राखीव जागा मागत नाही, वाढीव गुण तर नाहीच नाही. शंभर शब्दांचा एक रकाना द्या आणि एक कागद जोडायची सोय करा. आमच्याकडे तो कागद आहे. पूर ओसरल्यावर तलाठ्यांनी केलेला पंचनामा: झेरॉक्स मशीन एक, कॉम्प्युटर दोन, फ्रिज एक. वह्या त्यात नाहीत, पण तारीख आहे, पत्ता आहे, शिक्का आहे. कुणाकडे दवाखान्याचं कार्ड असेल, कुणाकडे वडिलांचा मृत्यूचा दाखला. यादीत शेवटच्या जागेसाठी दोघं-तिघं अर्ध्या टक्क्याच्या आत असतील तेव्हाच हा रकाना उघडून वाचावा. एरवी नका वाचू.

"मग प्रत्येक जण रडगाणं लिहील," असं आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले. लिहू देत की. नणंदेचा मुलगा कॅलिफोर्नियात शिकतो. तिथलं सरकारी विद्यापीठ, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, अर्जातल्या आठपैकी चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी ३५० शब्दांत मागतं आणि जास्तीचं काही सांगायचं असेल तर वेगळी जागाही देतं. शाळेत डी किंवा एफ मिळाला आणि तोच विषय पुन्हा करून किमान सी मिळवला, तर सरासरीत नवी ग्रेड धरतात. गंमत म्हणजे तिकडचा डी आपल्यापेक्षा वाईट. प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांत किमान सी लागतो. आमच्या मुंबई विद्यापीठाच्या पद्धतीत डी म्हणजे ४० ते ४५ च्या मधले गुण, मूल पास. डी म्हणजे केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, नव्हे, हे दुकानात रोज दहा पालकांना सांगावं लागतं.

मुलीचं पुढे बरं झालं. एका शहरातल्या एजंटाने "खाजगीत मॅनेजमेंट कोट्यातून टाका" म्हणून जो आकडा सांगितला त्यात नवीन झेरॉक्स मशीन आलं असतं. ते सोडून तिने वर्षभर दुकानात बसून सीयूईटी-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेचा अभ्यास केला. केंद्रीय विद्यापीठांतल्या बहुतेक अभ्यासक्रमांची यादी त्या परीक्षेच्या गुणांवर लागते, पदवीचे गुण पात्रतेपुरते बघतात. ७५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. तिथे जुलै २०२१ कुणी विचारला नाही. दूर आहे, घरचे मासे आठवतात म्हणते, पण एमएस्सी करते आहे. आपल्या राज्यातलं विद्यापीठ तिला जवळ पडलं असतं. एसटीने रात्रीत घरी आली असती.

तो डी पुसट करायला आलेला मुलगा परवा पुन्हा आला, अर्ज भरायला. त्याच्या सेमिस्टरला काय झालं होतं ते मी विचारलं नाही, त्याने आपणहून सांगितलं. अर्ज पूर्ण केला आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहिलं, कुठे लिहायला जागा आहे का. रक्तगटाचा रकाना सापडला.

आपली,
एक पालक, चिपळूण