तुटलेला धागा आणि पाइपाला बांधलेली दोरी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला टोयोटा कंपनीवरचा लेख वाचला. चहा गार झाला तरी वाचत होते, म्हणजे लेख चांगलाच होता. एक वाक्य मात्र घशात अडकलं. ‘जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त असते, म्हणून त्यांच्या गाड्या बिघडत नाहीत,’ असं लेखकाने लिहिलंय. मी अठ्ठावीस वर्षं भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला होते. रक्तात काय असतं ते डॉक्टर सांगतील. माल चांगला कशामुळे निघतो आणि कशामुळे बिघडतो, त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

लेखात ‘आधी ही कंपनी कापडाचे माग बनवायची’ एवढ्या एका ओळीत सुरुवात उरकली आहे. खरी गंमत तिथेच आहे हो. माझं माहेर इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाला दुसरा आवाज नाही. माझे वडील एका शेठच्या कारखान्यात चार माग सांभाळायचे, आणि शाळा सुटली की मी त्याच शेडमध्ये कांड्या (आडव्या धाग्याच्या छोट्या रिळा) भरायला बसायचे. साध्या मागावर धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नळ्यातली, कांडी संपली की माग थांबतो, ते बरं असतं. पण उभा धागा तुटला तर त्या मागाला पत्ताच नसतो. तो आपला खडाक्-खडाक् चालूच, आणि कापडात बोटभराची फट हातभर लांब होत जाते. म्हणून वडिलांची मान सतत या मागावरून त्या मागावर फिरत असायची. घरी जेवताना बोलतानासुद्धा फिरायची. फट सुटली की तागा खराब, आणि आठवड्याच्या पगारातून पैसे कापलेले. चूक मागाची, कापले जायचे माणसाचे.

साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. घरात आई हातमागावर विणायची, तिचे कष्ट बघून त्याने मागात सुधारणा करायला घेतल्या. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं आणि पुढे आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नाही. १९२४ मध्ये त्याचा ‘टाइप जी’ माग तयार झाला. हा माग चालता चालता धोटा बदलायचा, हे तर झालंच. पण माझ्या दृष्टीने त्यातली खरी चीज वेगळी आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर पातळ लोखंडी पत्री लटकलेली असते. धागा ताणलेला आहे तोवर पत्री वर. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. कुणी मान फिरवायची गरज नाही. एक कामगार तीस-तीस माग बघू शकायचा. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्यांनी जगाला माग विकले त्यांनीच, १९२९ मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले.

हे मी पहिल्यांदा कुठे ऐकलं सांगू? एका ट्रेनिंगमध्ये, कंपनीच्या कँटीनमध्ये, प्रोजेक्टरवर. शिकवणारे गृहस्थ पुढच्या स्लाइडवर गेले तरी मी त्या पत्रीवरच अडकले होते. वडील तेव्हा हयात होते. रात्री फोन करून सांगितलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, “इतकं सोपं होतं होय.”

साकिचीच्या मुलाने, किइचिरोने, १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यात मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी झाली. ‘टोयोदा’चं ‘टोयोटा’ केलं, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ आकडा तिकडे शुभ. (आपल्याकडेही गाडीच्या नंबरसाठी आरटीओत लोक पैसे मोजतात, तेव्हा हसायचं कारण नाही.)

आता रक्ताचं बघू. १९३५ चा त्यांचा पहिला ट्रक रस्त्यात वारंवार मोडायचा. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. बँकांच्या दबावाखाली सुमारे १६०० माणसं कमी केली, मोठा संप झाला आणि खुद्द किइचिरो टोयोदाला अध्यक्षपद सोडावं लागलं. तेवढ्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकन लष्कराने ट्रक मागवले म्हणून तग धरला. १९५७ मध्ये क्राउन ही गाडी मोठ्या हौसेने अमेरिकेला नेली, तर तिथल्या हायवेवर ती धापा टाकायला लागली. तीनेक वर्षांत निर्यात गुंडाळावी लागली. ज्या लोकांच्या रक्तात शिस्त, त्यांच्याच या गाड्या!

फरक पडला तो तायची ओहनो नावाच्या माणसामुळे, आणि तो आला टोयोदांच्याच कापडगिरणीतून. त्याने पत्रीची युक्ती माणसांच्या हाती दिली. लाइनवर दोरी लावली. कुणाही कामगाराला काही चुकीचं दिसलं की त्याने दोरी ओढायची, वर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. त्या दिव्याच्या पाटीला ‘अँडॉन’ म्हणतात, मूळ अर्थ कागदी कंदील. आपोआप चालणाऱ्या यंत्रासाठी जपानीत जो शब्द आहे, त्यातल्या एका अक्षराला यांनी ‘माणूस’ या अर्थाची खूण जोडली आणि तो शब्द कंपनीचा करून टाकला. दुकानात फळीवरचा माल संपेल तसा भरतात, तसं पार्ट लागतील तेव्हाच आणायचे, हेही ओहनोचंच. आमच्याकडे सगळे साहेब या पद्धतीवर भाळले, कारण त्यात गोडाऊनचे पैसे वाचतात. दोरीवर फारसं कुणी भाळलं नाही.

रक्ताचा मुद्दा खोडायला एक उदाहरण पुरे. कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, रद्दी माल, सगळ्यात नाव काढलेलं. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला. बहुतेक कामगार तेच, युनियनही तीच. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्या अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. रक्त काही बदललं नव्हतं. दोरी ओढणाऱ्यावर कुणी ओरडत नव्हतं, एवढंच.

आता आमची दोरी.

आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये मार्क मिळावेत म्हणून आमच्याही प्रेस लाइनवर पिवळी नायलॉनची दोरी आली. वर लाल-हिरवे दिवे, शिवाय घंटा. उद्घाटनाला नारळ फोडला, पेढे वाटले. पहिल्या महिन्यात पोरांनी दोरी खरोखर ओढली. पत्र्याची कॉइल वाकडी आली, ओढली. भोक पाडणाऱ्या पंचाचा आवाज बदलला, ओढली. मग साहेबांनी एक पांढरा बोर्ड लावला. किती मिनिटं लाइन थांबली आणि कुणामुळे, नावासकट. दुसऱ्या महिन्यात घंटा चार वेळा वाजली. तिसऱ्या महिन्यात मी सकाळी आले तर दोरी गोळा करून वरच्या पाइपाला केबल टायने बांधलेली. विचारलं तर म्हणे, “पायात येते, मॅडम.” सहा फुटांवरची दोरी पायात येते!

त्याच पावसाळ्यात सेकंड शिफ्टला एका पंचाची कड उडाली. ब्रॅकेटला तीन भोकं असायची, त्यातल्या मधल्याच्या कडेला बर, म्हणजे पत्र्याची धारदार खरखर, यायला लागली. मशीनवर लातूरकडचा एक पोरगा होता, कंत्राटावर, जेमतेम वर्ष झालेलं. त्याला पहिल्या पन्नास पिसांतच बोटाला खरखर लागली होती. हे त्याने नंतर मला एकटीला सांगितलं. मी म्हटलं, “अरे मग थांबवलं का नाहीस?” त्याने उत्तर दिलं नाही, नुसतं वर पाइपाकडे बघितलं. सकाळी माझ्या टेबलावर सतराशेच्या वर पीस आले. भोकाचं माप तपासायचा गो-नो गो गेज सगळ्या भोकांत छान जात होता. भोकाचं माप बरोबर होतं, कडा मात्र ब्लेडसारख्या. आम्ही सहा बायकांनी दोन दिवस खाली बसून कानशीने एकेक कड मारली. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे. बोर्डवर त्या रात्री ‘लाइन स्टॉपेज : शून्य मिनिटं’ असं लिहिलेलं होतं, हिरव्या मार्करने.

माझं म्हणणं असं, की टोयोटाचं नाव झालं ते थांबायची परवानगी खाली कामगारापर्यंत पोहोचली म्हणून. आणि जिथे ती नाहीशी झाली तिथे त्यांचंही नाव खराब झालं. हा भाग लेखात आलाच नाही. २००९-१० मध्ये पायपुसण्यात अडकणारं आणि चिकटणारं अ‍ॅक्सिलरेटर पेडल या कारणांनी त्यांना जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचा पणतू अकिओ टोयोदा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसला आणि आपण फार वेगाने वाढलो असावं, अशी कबुली दिली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या मालकीच्या दाइहात्सू या मोटार कंपनीच्या सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षांची फसवाफसवी उघड झाली, ६४ मॉडेलं त्यात सापडली. चौकशीत कारण काय निघालं, तर नवी गाडी काढायला दिलेली अशक्य मुदत. म्हणजे आमचाच पांढरा बोर्ड.

पण मला सगळ्यात लागलं ते त्यानंतर महिन्याभराने आलेलं. डिझेल इंजिनांच्या चाचणीत ताकदीचे आकडे एकसारखे दिसावेत म्हणून वेगळं सॉफ्टवेअर वापरलं गेलं होतं. आपल्याकडे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची पाठवणी त्यामुळे काही दिवस थांबली होती. ही इंजिनं बनवणारी कंपनी कोणती? टोयोटा इंडस्ट्रीज. साकिचीने माग बनवायला काढलेली, तीच.

गाड्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. आमच्या सोसायटीतले टुरिस्टवाले काका अजून टोयोटाच्या क्वालिस गाडीची आठवण काढतात. २००० साली आली तेव्हा तिच्या चौकोनी थोबाडावर लोक हसले होते, आणि चांगली खपत असताना २००५ मध्ये कंपनीने बंद करून इनोव्हा आणली. चालत्या दुकानाला कुलूप लावणं काय असतं ते मी तेव्हा काकांच्या तोंडून ऐकलं. आता त्यांची इनोव्हा साडेचार लाख किलोमीटर झाली आहे आणि खंबाटकी चढताना कुरकुरत नाही.

लेखकाने किर्लोस्करांचा उल्लेख केला, ते मात्र आवडलं. हातकणंगल्याहून पुण्याला येताना किर्लोस्करवाडी स्टेशन आलं की वडील ‘इथे नांगर झाले’ म्हणून सांगायचे. किर्लोस्कर आणि टोयोदा आधी एकत्र आले तेही कापडधंद्याच्या यंत्रांसाठी, १९९५ मध्ये. मोटारींची कंपनी दोन वर्षांनी, बेंगळुरूजवळ बिडदीला. तिथेही सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कामाच्या ताणावरून संप-टाळेबंदी झाली, ती मिटायला २०२१ चा मार्च उजाडला.

आता छत्रपती संभाजीनगरला सुमारे २०,००० कोटींचा कारखाना येणार, जुलै २०२४ मध्ये तसा करार झालाय. आपल्या पुण्या-चाकणच्या व्हेंडरांनी त्यासाठी बाह्या सरसावल्या असणारच. आपल्या वार्ताहरांनी जमीन, सवलती, नोकऱ्यांचे आकडे जरूर छापावेत. जमलं तर एकदा तिसऱ्या फळीतल्या, म्हणजे पुरवठादारांच्याही पुरवठादाराच्या, एखाद्या प्रेस शॉपमध्ये रात्रपाळीला जाऊन वर पाइपाकडेही बघावं.

माझा भाचा चाकणला अशाच एका ठिकाणी लागलाय. परवा जेवायला आला होता. विचारलं, “तुमच्याकडे दोरी आहे का रे?”
“मावशी, आता दोरी कुठली, बटण असतं.”
“मग दाबतोस का?”
तो हसला, आणि भाकरी अजून एक आहे का, म्हणाला.

आपली,
एक निवृत्त इन्स्पेक्टर (मालाची, पोलिसांतली नव्हे)
इंद्रायणीनगर, भोसरी, पुणे